तो दात खरा आहे का?

सिंगापूरला राहायला आलात की पहिल्या सहा महिन्यांत भारतातून पाहुणे येतातच. मग ठरलेली फेरी होते. मरिना बे, गार्डन्स, मुस्तफा आणि एका संध्याकाळी चायनाटाउन. तिथे साउथ ब्रिज रोडवर लाल खांबांचं, उतरत्या छपरांचं एक भलंमोठं देऊळ दिसतं. हे ‘बुद्ध टूथ रेलिक टेंपल’, म्हणजे बुद्धाच्या दाताचं मंदिर. त्याच रस्त्यावर चार पावलांवर मरिअम्मन देवीचं जुनं तमिळ मंदिर आहे आणि जामे चुलिया मशीदही आहे, त्यामुळे पाहुण्यांना एका फेरीत तीन धर्म दाखवता येतात. पण दाताच्या मंदिरापाशी पोचलं की प्रत्येक जण एकच प्रश्न विचारतो: खरा आहे का हो तो दात?

पॉडकास्टच्या या भागात आम्ही याच प्रश्नाभोवती बोललो, पण बरंच काही राहून गेलं. ते इथे लिहिते आहे. मी मूळची नागपूरची, पीएचडी जर्मनीत केली, आता इथे पदार्थांच्या रसायनशास्त्रात पोस्टडॉक करते. एखादी वस्तू कशाची बनली आहे हे शोधणं हे माझं रोजचं काम. म्हणून असेल, हा प्रश्न मला जरा जास्तच वेळा विचारला जातो.

आधी माहिती. मंदिराच्या सांगण्याप्रमाणे हा दात १९८० साली म्यानमारच्या आराकान भागात, म्रौक-ऊ इथे एका कोसळलेल्या स्तूपाच्या ढिगाऱ्यात सापडला. २००२ मध्ये तो सिंगापूरचे भिक्षू शी फा झाओ यांच्याकडे आला. त्याच्यासाठी हे मंदिर बांधलं गेलं आणि २००७ साली लोकांसाठी उघडलं. इमारत चीनच्या तांग राजवटीच्या शैलीतली दिसते, पण आहे एकविसाव्या शतकातली. दात चौथ्या मजल्यावर, एका सोन्याच्या स्तूपात ठेवला आहे. त्या स्तूपाला ३२० किलो सोनं लागलं आणि त्यातलं २३४ किलो भाविकांनी दिलं. तुम्ही जाल तेव्हा काचेपलीकडे स्तूपच दिसेल. प्रत्यक्ष दात वर्षातून मोजक्या दिवशीच दाखवतात.

२००७ मध्येच इथल्या इंग्रजी वर्तमानपत्रात दंततज्ज्ञांची मतं छापून आली. आकार पाहता हा माणसाचा दात वाटत नाही, गाईम्हशीसारख्या प्राण्याचा असावा, असं त्यांचं म्हणणं होतं. मंदिराच्या प्रमुखांनी आपल्याला शंका नाही, हा श्रद्धेचा विषय आहे, असं सांगितलं. माझं मत विचाराल तर दातांबद्दल मी दंततज्ज्ञांचं ऐकेन. इथे हात झटकून ‘चला, नूडल्स खाऊ’ म्हणता येतं, आणि बरेच जण तसं म्हणतातही. पण मला वाटतं, खरी गोष्ट इथून पुढे सुरू होते. ती कळायला आपल्याला सिंगापूरहून आधी गोव्याला जावं लागेल.

१५६० साली पोर्तुगीजांचा व्हाइसरॉय कॉन्स्टंटिनो दि ब्रागांझा याने श्रीलंकेतल्या जाफन्यावर स्वारी केली. लुटीत त्याला सोन्यात मढवलेला एक दात मिळाला. हा बुद्धाचा दात, असं त्याला सांगण्यात आलं. तो घेऊन तो गोव्याला आला. ही बातमी ब्रह्मदेशात पेगूच्या राजाच्या, बायिनौंगच्या कानावर गेली. त्याने वकील पाठवले आणि दाताच्या बदल्यात प्रचंड रक्कम देऊ केली. गोव्याच्या तिजोरीला पैशांची गरज होती आणि व्हाइसरॉय मोहात पडला होता. पण आर्चबिशप गास्पार आडवा आला. मूर्तिपूजकांना मूर्ती विकणं म्हणजे पाप. शेवटी १५६१ साली सगळ्यांसमक्ष दात खलात घालून कुटला, ती पूड शेगडीत जाळली आणि राख नदीत टाकली. दिओगो दो कूतो या पोर्तुगीज इतिहासकाराने हा सगळा प्रसंग लिहून ठेवला आहे.

दात संपला, असं पोर्तुगीजांना वाटलं. श्रीलंकेत मात्र आजही सांगतात, की खरा दात त्यांच्या हाती कधी लागलाच नव्हता. तो आधीच लपवला होता, आणि आज कँडीच्या दळदा मालिगावेत आहे तोच तो. पेगूच्या राजालाही काही वर्षांनी लंकेतून एक दात पाठवला गेला आणि त्याने मोठ्या थाटात त्याचं स्वागत केलं.

याकडे ‘लोकांना काहीही पटतं’ असं बघता येईल. पण जरा दुसऱ्या बाजूनेही बघा. त्या खोलीत दातावर सगळ्यात जास्त विश्वास आर्चबिशपचा होता. हाडाचा एक तुकडा नष्ट केला की एका धर्माचा आधार तुटेल, अशी त्याची समजूत होती. बौद्ध परंपरेने स्वतः मात्र असा सगळा भार एका वस्तूवर टाकलेला नाही. तिने याचा विचार फार आधी करून ठेवला आहे, आणि तो विचार मला तरी बराच सुटसुटीत वाटतो.

त्यासाठी एक शब्द नीट समजून घेऊ: धातू. मराठीत धातू म्हणजे लोखंड, तांबं, नाहीतर व्याकरणातलं क्रियापदाचं मूळ. माझ्या लॅबमध्ये तर पहिलाच अर्थ. पालीत मात्र ‘धातु’ म्हणजे बुद्धाच्या देहाचे किंवा त्याच्याशी जोडलेले अवशेषही. ज्याच्या पोटात धातू आहे तो धातुगर्भ, आणि त्याचंच सिंहलीत झालं दागाबा. चैत्य हा शब्द चितेच्या घरातला आहे, रचणं, चिणणं या अर्थाच्या मुळातून आलेला. म्हणजे स्तूप हे मुळात राखेवर रचलेलं स्मारक.

पाली परंपरा सांगते ते असं. कुसिनारेला बुद्धाचं महापरिनिर्वाण झालं, दहन झालं, आणि अस्थींवरून राजांमध्ये भांडण लागलं. मगधाचा अजातशत्रू, वैशालीचे लिच्छवी, कपिलवस्तूचे शाक्य, सगळे आपापला हक्क सांगत आले. द्रोण नावाच्या ब्राह्मणाने मध्ये पडून आठ वाटे केले. ज्या भांड्याने अस्थी मोजल्या ते भांडं त्याने स्वतःसाठी मागून घेतलं, आणि उशिरा पोचलेल्या मोरियांना उरलेली राख मिळाली. दहा स्तूप झाले. पुढे अशोकाने ते उघडून अस्थी देशभर वाटल्या, अशी परंपरा आहे. आकडा ८४ हजार सांगतात, तो अर्थातच पुराणातला समजायचा. म्हणजे वाटणं, हलवणं, दूर नेणं हे अस्थींच्या बाबतीत पहिल्या दिवसापासून चालू आहे. इथे मूळ जागेवरून हलली म्हणून वस्तू बाटत नाही.

आता दुसरी गोष्ट, जी मला सगळ्यात जास्त आवडते. ती जातकांत, कालिंगबोधि जातकाच्या सुरुवातीला येते. बुद्ध जिवंत असतानाची. तो चारिकेला निघाला की श्रावस्तीच्या जेतवनात लोक फुलं घेऊन येत आणि रिकाम्या कुटीच्या दाराशी ठेवून परत जात. अनाथपिंडिकाला ते बघवेना. त्याच्या सांगण्यावरून आनंदाने बुद्धाला विचारलं, चैत्यं किती प्रकारची असतात? उत्तर मिळालं, तीन. शारीरिक, म्हणजे देहाचे अवशेष. पारिभोगिक, म्हणजे बुद्धाने वापरलेली वस्तू. आणि उद्देशिक, म्हणजे त्याच्या आठवणीसाठी केलेली प्रतिमा. शारीरिक चैत्य तर मृत्यूनंतरच शक्य. उद्देशिकाला वस्तूचा आधार नाही, ते केवळ मनावर अवलंबून. राहिला बोधिवृक्ष, कारण त्याच्याखाली तो बसला होता. तो बुद्ध हयात असतानाही चालतो आणि नंतरही. मग मोग्गल्लानाने बोधगयेहून पिंपळाचं पिकलेलं फळ आणलं आणि अनाथपिंडिकाने ते जेतवनाच्या दारापाशी लावलं. त्या झाडाचं नाव पडलं आनंदबोधी.

इथे थांबून विचार करा, या गोष्टीत अडचण काय होती? ज्याच्यासाठी आलो तो इथे नाही, फुलं हातात आहेत, ठेवायची कुठे? परदेशात राहणाऱ्या माणसाला हा प्रश्न समजावून सांगावा लागू नये.

हे तीन शब्द डोक्यात ठेवून सिंगापूर फिरा, म्हणजे शहर वेगळं दिसू लागतं. चायनाटाउनातला दात शारीरिक. तिथून फॅरर पार्क स्टेशनला या. रेसकोर्स रोडवर शाक्यमुनी बुद्धगया मंदिर आहे, एका थाई भिक्षूने १९२७ मध्ये स्थापलेलं. दारात रंगवलेले वाघ आणि चित्ता बसलेले असतात, काहीसे जत्रेतल्यासारखे. आत १५ मीटर उंचीचा बसलेला बुद्ध, ३०० टनांचा, भोवती दिव्यांची रांग. म्हणून लोक याला हजार दिव्यांचं मंदिर म्हणतात. मूर्तीच्या मागे एक बुटकं दार आहे. वाकून आत गेलात की मूर्तीखालच्या खोलीत निजलेला, परिनिर्वाणातला बुद्ध दिसतो. बाहेरच्या भव्य मूर्तीपेक्षा ही खोली मला जास्त धरून ठेवते. या मंदिरात बोधिवृक्षाच्या सालीचा तुकडा जपलेला आहे: पारिभोगिक. आणि बुद्धाच्या पावलाची, आबनूस लाकडात शिंपले जडवलेली प्रतिकृती आहे. पाऊल पारिभोगिक, पण प्रतिकृती म्हटल्यावर उद्देशिक झालं का? परंपरेतल्या पंडितांनीही असल्या सीमारेषांवर डोकेफोड केली आहे. आपण पुढे जाऊ.

सेरंगून रोडने आणखी थोडं पुढे गेलं, की सेंट मायकल्स रोडवर श्रीलंकारामय हे सिंहली लोकांचं विहार आहे, १९५२ सालचं. आत ४५ फुटी निजलेला बुद्ध, आवारात पिंपळ. पर्यटक इथे फारसे येत नाहीत. मराठी बौद्ध घरातून आलेल्या कुणालाही मी आधी इथेच पाठवते. कारण सांगते.

माझी आई इथे आली होती तेव्हा मी तिला आधी चायनाटाउनला नेलं. दर वर्षी दीक्षाभूमीला जाणारी बाई. तिथली सोन्याची झळाळी, चिनी मंत्र, उदबत्त्यांचा वास, सगळं तिने शांतपणे पाहिलं आणि बाहेर आल्यावर म्हणाली, ‘‘छान आहे गं, पण हे आपलं वाटत नाही.’’ दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही श्रीलंकारामयला गेलो. भिक्षूंनी वंदना सुरू केली, आणि दुसऱ्या ओळीपासून आई त्यांच्याबरोबर म्हणत होती. न अडखळता. सिंहलीचा एक शब्द तिला येत नाही, इंग्रजी जेमतेम, पण त्रिशरण-पंचशील पालीत आहे, तिथेही आणि आमच्या नागपूरच्या बुद्धविहारातही. चालीत थोडा फरक, बाकी तेच. शेजारी बसलेल्या लंकेच्या आजींनी हळूच आपल्याकडची अर्धी फुलं तिच्या हातात दिली.

चायनाटाउनातली प्रार्थना चिनीत चालते, कारण ते महायान परंपरेचं मंदिर. श्रीलंकारामय थेरवादी. २०२० च्या जनगणनेत सिंगापूरच्या सुमारे ३१ टक्के रहिवाशांनी आपला धर्म बौद्ध सांगितला. त्यातले बहुतेक चिनी वंशाचे, म्हणून इथला बौद्ध धर्म बाहेरून बघणाऱ्याला चिनीच वाटतो. थेरवादाच्या या छोट्या विहारांमधून मात्र आपल्याला सरळ आत जाता येतं.

आता आई जे म्हणाली त्याकडे येऊ, ‘आपलं वाटत नाही’. आईच्या वाक्यात भाषेपलीकडचंही काही होतं. आमच्या घरात बुद्ध आला तो बाबासाहेबांकडून, १४ ऑक्टोबर १९५६ च्या दीक्षेतून. तो बुद्ध प्रश्न विचारायला शिकवणारा, चमत्कार न सांगणारा. त्या घरात वाढलेल्या मुलीने सोन्यात ठेवलेल्या दातापुढे, तोही तज्ज्ञांच्या मते बहुधा जनावराचा, हात जोडायचे का? सोडलेलं कर्मकांड मागच्या दाराने परत येत नाही ना? ही शंका मला अगदी रास्त वाटते. तिच्यावर ‘श्रद्धेचा भाग आहे’ एवढं उत्तर पुरत नाही.

पुरेसं उत्तर मला ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात सापडलं. राजा मिलिंद, म्हणजे ग्रीक राजा मिनँडर, भिक्षू नागसेनाला कोंडीत पकडतो. बुद्ध जर पूजा स्वीकारत असेल, तर तो पूर्ण निर्वाणाला गेलेला नाही. आणि गेला असेल, तर पूजा पोचणार कुणाला? ती फुकट. आपल्या प्रश्नापेक्षा हा प्रश्न धारदार आहे. दात अस्सल असला तरीही तो उरतोच. नागसेन पळवाट काढत नाही. बुद्ध काही स्वीकारत नाही, हे तो मान्य करतो. मग दाखला देतो तो विझलेल्या आगीचा. मोठा वणवा पेटला आणि विझून गेला, म्हणून जगातला अग्नी संपला का? नाही, ज्याला हवा तो लाकडावर लाकूड घासून स्वतः पेटवून घेतो. अस्थी हे निमित्त, मेहनत आपली.

यात भर म्हणजे हे मिलिंद-नागसेन आपल्याला परके नाहीत. औरंगाबादला (आता छत्रपती संभाजीनगर) बाबासाहेबांनी कॉलेज काढलं, त्याचं नाव मिलिंद महाविद्यालय आणि परिसराचं नाव नागसेनवन. बुद्धाला नव्हे, तर राजाला भिक्षूसमोर बसून शंका विचारायला लावणाऱ्या संवादाला त्यांनी ते नाव दिलं. म्हणून दाताच्या मंदिरात ‘खरा आहे का?’ विचारणाऱ्याला मी अश्रद्ध म्हणणार नाही. तो मिलिंदाच्याच रांगेत उभा आहे, फक्त त्याने पहिलाच प्रश्न विचारून निघून जाऊ नये इतकंच.

मग तीर्थाला जाऊन करायचं काय? लुंबिनी, बोधगया, सारनाथ आणि कुशीनगर या चार जागा श्रद्धावानाने बघाव्यात, असं बुद्धाने शेवटच्या दिवसांत आनंदाला सांगितल्याचं महापरिनिब्बान सुत्तात येतं. तिथे पालीत शब्द आहे ‘संवेजनीय’, संवेग उत्पन्न करणारी जागा. मराठीत संवेग फिजिक्सच्या पुस्तकातच उरलाय. इथे त्याचा अर्थ हादरणं, खडबडून जागं होणं. एखाद्या जवळच्या माणसाच्या अंत्यविधीनंतर दोन-चार दिवस सगळं जसं लख्ख दिसतं, नको ते वाद क्षुद्र वाटतात, त्याच्या जवळपासची ही भावना. आणि तिच्या जोडीला येतो तो पसाद, मन निवळणं. तीर्थाचं काम या दोन गोष्टी घडवणं. नवस, मागणं यांना त्यात जागा नाही असं मी म्हणणार नाही, लोक मागतातच. पण परंपरेने तीर्थाला नेमून दिलेलं काम ते नव्हे. शेवटी दात कशाची आठवण देतो? ज्याने मार्ग दाखवला तोही ऐंशीव्या वर्षी आजारी पडला, मेला, आणि त्याचा देह हाडांपर्यंत जळाला.

संवेग डोक्याने होत नाही, अंगाने होतो, म्हणून प्रदक्षिणा. स्तूप उजव्या हाताला ठेवून चालायचं. वेसाकच्या, म्हणजे आपल्या बुद्धपौर्णिमेच्या, आदल्या रात्री इथल्या ब्राइट हिल रोडवरच्या कोंग मेंग सान मठात हजारो लोक दर तीन पावलांनी एकदा जमिनीवर डोकं टेकत मठाभोवती फिरतात. फेरीला दोनेक तास लागतात. गुडघे सोलवटतात. पंढरीच्या वाटेवर दंडवत घालत जाणारे कुणी पाहिले असतील, तर तुम्हाला हे ओळखीचं वाटेल.

ज्यांच्या घरी बुद्ध म्हणजे शाळेच्या पुस्तकातला धडा आणि लोणावळ्याच्या सहलीत पाहिलेली लेणी, त्यांनाही सांगते. कार्ल्याच्या चैत्यगृहात मध्यभागी काय आहे, आठवतं का? मूर्ती नाही, स्तूप आहे. दोन्ही बाजूंना खांब, त्यांच्या मागून फिरायला वाट: ती सगळी इमारत प्रदक्षिणेसाठी कोरली आहे. तिथल्या एका खांबावर लेख आहे, की सोपाऱ्याच्या सातिमित नावाच्या भाणकाने, म्हणजे पाठ म्हणून दाखवणाऱ्या भिक्षूने, हा खांब ‘सशरीर’ म्हणजे अस्थिधातूसह दान केला. भाज्याला कोपऱ्यात लहान स्तूपांचा घोळका आहे, काहींवर तिथल्या थेरांची, ज्येष्ठ भिक्षूंची, नावं. आपण तिथे सेल्फी काढतो आणि भजी खायला खाली उतरतो.

आणि सोपारा म्हणजे आजचं नालासोपारा, विरार लोकलमधलं. प्राचीन काळी ते मोठं बंदर, शूर्पारक. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तिथला ‘बुरुड राजाचा कोट’ म्हणून ओळखला जाणारा ढिगारा खणला. तो स्तूप निघाला. पोटात दगडी पेटी, तिच्यात तांब्याचा करंडक, त्याभोवती आठ छोट्या मूर्ती. तांब्याच्या आत चांदीचा करंडक, मग दगडाचा, मग स्फटिकाचा, मग सोन्याचा. सोन्याच्या आत होते मातीच्या भांड्याचे तेरा तुकडे. भिक्षापात्राचे, बुद्धाच्या म्हणून जपलेले. हा ऐवज आज मुंबईला एशियाटिक सोसायटीत आहे. सिंगापूरचं ३२० किलो सोनं बघून ‘भिक्षूच्या धर्मात एवढं सोनं कशाला’ असं मला वाटलं होतं, आणि अजूनही थोडं वाटतं. पण सोपाऱ्याच्या माणसांनीही खापरांना सोन्यातच ठेवलं होतं.

अशा वस्तू पूजेच्या की संग्रहालयाच्या, हा वाद आजही मिटलेला नाही. नेपाळच्या सीमेजवळ पिप्रह्वा इथला स्तूप १८९८ मध्ये विल्यम पेपे या जमीनदाराने उघडला. अस्थी ब्रिटिश सरकारने सयामच्या राजाला दिल्या. त्यांच्याबरोबर पुरलेली काही रत्नं मात्र पेपे कुटुंबाकडे राहिली. ती इथे सिंगापूरच्या एशियन सिव्हिलायझेशन्स म्युझियममध्येही प्रदर्शनात मांडली गेली होती. मे २०२५ मध्ये हाँगकाँगला त्यांचा लिलाव व्हायचा होता. भारत सरकारने आणि अनेक बौद्धांनी आक्षेप घेतल्यावर तो थांबला, आणि मुंबईच्या गोदरेज समूहाने ती विकत घेतल्यावर जुलैअखेरीस ती भारतात परतली. रत्नं म्हणजे काही हाड नव्हे, असं विक्रेत्याच्या बाजूने म्हणता येतं. पण राखेत मिसळून, वाहून टाकलेली गोष्ट अस्थींपासून वेगळी कशी काढणार? माझा कल आक्षेप घेणाऱ्यांकडे आहे.

नागपूरला आता परत येते. दीक्षाभूमीचा स्तूप बघितला असेल तर तिन्ही प्रकार तिथे एकत्र आहेत, हे लक्षात येईल. आत बुद्धमूर्ती. बाबासाहेबांच्या अस्थी. आणि आवारात बोधिवृक्ष, भदंत आनंद कौसल्यायन यांनी श्रीलंकेतल्या अनुराधापूरहून आणलेल्या रोपाचा. बाबासाहेबांच्या अस्थींवर स्तूप कसा, असं कुणी विचारलं तर महापरिनिब्बान सुत्तातच उत्तर आहे: स्तूपाला योग्य चार प्रकारची माणसं सांगितली आहेत आणि त्यांत बुद्धाचा श्रावकही आहे. दादरच्या चैत्यभूमीला ६ डिसेंबरला जे लाखो लोक समुद्राकाठी रांगेत उभे राहतात, ते या अर्थाने अत्यंत जुनं काहीतरी करत असतात.

झाडाचा प्रवासही बघा. बोधगयेची फांदी संघमित्रेने लंकेत नेली. बोधगयेचं जुनं झाड १८७६ मध्ये वादळात पडलं, आज आहे ते नंतरचं. अनुराधापूरचं टिकलं, आणि त्याच्या वंशातलं रोप नागपूरला आलं. यातलं ‘मूळ’ झाड कुठलं? कलमं करणाऱ्या कोकणातल्या बागायतदाराला हा प्रश्न पडणार नाही. माणसांचंही तसंच. बाबासाहेबांना दीक्षा दिली महास्थविर चंद्रमणी यांनी, ते मूळचे आराकानचे, म्हणजे चायनाटाउनातला दात जिथे सापडला म्हणतात त्याच मुलखातले.

परदेशातल्या मराठी मंडळांत गणपती, दिवाळी, संक्रांत ठरलेली असते. १४ ऑक्टोबर मात्र मी जिथे जिथे राहिले तिथे मंडळाच्या कॅलेंडरवर क्वचितच पाहिला. कुणी मुद्दाम वगळतं असं नाही, कुणाच्या लक्षातच येत नाही. पण घरून लांब असलेल्या मुलाला त्याने व्हायचा तो त्रास होतोच. तुमच्या ऑफिसात, हॉस्टेलवर असं कुणी असेल तर त्या दिवशी संध्याकाळी त्याच्याबरोबर जा. तुम्ही बौद्ध असायची गरज नाही.

जाताना लिटिल इंडियातून मोगरा किंवा कमळ घ्या, बफेलो रोडवर हारवाल्यांची दुकानं आहेत. खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत, चपला बाहेर. मूर्तीकडे पाय करून बसू नका, आणि फोटो काढताना मूर्तीकडे पाठ करून उभं राहणं लंकेच्या लोकांना आवडत नाही. वंदनेची वेळ आधी विहाराला विचारून घ्या. पिंपळाचं पान तोडायचं नाही. खाली पडलेलं उचललं तर कुणी काही म्हणत नाही. आईने असं एक पान पासपोर्टमध्ये घालून नागपूरला नेलं आहे.